वनिताचा ठिपका

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा या गावाच्या पुढे काही अंतरावर असलेल्या एका शिवारात, हळदीचा कापलेला पाला गोळा करताना वनिता खिल्लारे या मजूर स्त्रीच्या हाताला घोणस चावली. जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती. सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे औषध नव्हते. हे सगळ्यांना माहीत असल्याने गाडी तिथे थांबली नाही, थेट नांदेडला गेली. पोहोचेपर्यंत विष रक्तात भिनले होते. काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन तिचा मृत्यू झाला.

रुग्णालयात दाखल करताना तिचे गाव विचारले गेले. सोबतच्या माणसांनी सेनगाव तालुक्यातले, पुसेगावच्या पुढचे एक गाव सांगितले. ते तिचेच गाव होते. घटना तिथे घडली नव्हती.

या लेखातली माणसांची नावे बदलली आहेत. आरोग्य केंद्राचे, वनिताच्या गावाचे आणि घटना घडली त्या गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

मी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले आणि आयुष्याची बहुतेक वर्षे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांमध्ये काढली. हे काम नेमके काय असते, हे हिंगोलीतल्या माझ्या नातेवाइकांना अजून पटलेले नाही. दर भेटीत कोणी ना कोणी शेअर कोणता घ्यावा असे विचारते, आणि मला माहीत नाही म्हटल्यावर शिक्षण वाया गेल्यासारखे पाहते. काम साधे आहे. सरकार योजना आखते. ती कोणापर्यंत पोहोचली, कोणापर्यंत नाही, आणि हाताशी आहे ते कुठे पाठवले तर जास्त उपयोगी पडेल, हे बाहेरच्या कोणीतरी तपासून सांगावे लागते. आम्ही ते सांगतो. कधी ऐकले जाते. कधी अहवाल छापून कपाटात जातो. एका अहवालातला ‘अपयश’ हा शब्द काढून ‘संमिश्र परिणाम’ घालावा, असा निरोप मला चार वेगवेगळ्या माणसांकडून आला होता. चौघांपैकी एकानेही अहवाल वाचलेला नव्हता.

या कामाआधी मी एका दैनिकात उपसंपादक होते. तिथले दोन नियम पुढे कायम राहिले. घटना जिथे घडली ती जागा एकदा पाहून यायची. आणि एकाच तोंडून आलेली गोष्ट पक्की धरायची नाही, दुसरीकडून खात्री करायची.

वनिताच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आमच्या संस्थेकडे एक काम आले. सर्पदंशावरचे औषध महाग असते, मोजके मिळते आणि त्याला मुदत असते. प्रत्येक केंद्रात भरपूर ठेवणे शक्य होत नाही. ते कोणत्या केंद्रात ठेवावे, हे आम्ही सुचवायचे होते. मोठ्या रुग्णालयांतल्या नोंदी घेऊन, ज्या गावचा रुग्ण त्या गावावर एक ठिपका, असा जिल्ह्याचा नकाशा माझ्या सहकाऱ्यांनी तयार केला. सेनगावच्या बाजूला ठिपके दाट दिसत होते. कळमनुरी तालुक्यातला डोंगरकड्याकडचा भाग, जिथे कालव्याचे आणि विहिरींचे पाणी आहे, केळी आणि हळद आहे, तो जवळजवळ कोरा होता. मसुद्यातली शिफारस नकाशाला धरूनच होती. औषध सेनगावच्या बाजूला वाढवावे.

मसुदा पाठवण्यापूर्वी दाट ठिपक्यांच्या भागातले एक गाव पाहून यावे म्हणून मी श्रावणात तिकडे गेले. वनिताचे घर बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागे आहे. तिची सासू गयाबाई ओट्यावर बसून शेजारणीशी बोलत होत्या. मी सर्पदंशाबद्दल विचारले.

“साप?” गयाबाईंनी शेजारणीकडे पाहिले. “आपल्या शिवारात कवा चावला गं कुणाला?”

“मपल्या लग्नाच्या आधी एकदा,” शेजारीण म्हणाली. “त्यो बी बिनइखाचा दिवड निघाला. गडी मातर आठ दिस खाटंवर झोपून चहा पिला.”

दोघी हसल्या. मी म्हणाले, “तुमच्या घरातली एक नोंद आहे, गयाबाई. यंदाची.”

गयाबाईंनी पदर सारखा केला. शेजारीण उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. 

“ती हितं न्हाई गेली, माय,” गयाबाई म्हणाल्या. “ती हळदीवर गेली. तिकडं, डोंगरकड्याच्या अंगाला. आमी समदेच व्हतो.”

“मग दवाखान्यात या गावाचं नाव काहून सांगितलं?”

“काहून म्हंजे? गाव इचारलं, गाव सांगितलं. माणूस कुठं बी कामाला जाऊ दे, त्याचं गाव थोडंच बदलतंय?”

हळदीची काढणी संक्रांतीपासून होळीपर्यंत चालते. पुसेगावकडची जमीन कोरडवाहू आहे आणि त्या दिवसांत तिथे काम नसते. म्हणून वस्तीतल्या टोळ्या पोराबाळांसह बागायती भागात जातात. आधी हळदीचा पाला कापतात. मग ट्रॅक्टर जमीन उकरतो आणि बाया मातीतून कंद वेचतात, मोडतात, ढीग घालतात. राहणे शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. घोणस त्याच दिवसांत वाळल्या पाल्याखाली वेटोळे घालून असते, आणि तिचा रंग पाल्याचाच असतो. टोळीतल्या कोणाला काही झाले, तर ते आपल्या गावचे नाव सांगतात. आमच्या नकाशावर सेनगावच्या बाजूला जे ठिपके दाट दिसत होते, त्यांतले किती तिकडचे होते, हे त्या ओट्यावर बसून मला सांगता येत नव्हते. एक ठिपका तरी तिकडचा होता.

वनिताचा नवरा सुभाष तोपर्यंत आला होता. त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, “चावलं कुठं, असं इचारलं आस्तं तरी आमी सांगितलं नसतं, ताई.”

“का?”

“मालकानं हात जोडले व्हते. वावराचं नाव घेऊ नका म्हणला. पोलीस येतेत, पंचनामा करतेत, काढणी बंद पडती. आन् आमाला बी पुढच्या साली तिथंच जायचं हाय. त्यानं न्हाई बोलावलं, तर दुसरं वावर कोण देतंय?”

मी पिशवीतला नकाशा काढून ओट्यावर पसरला. सुभाष दहावीपर्यंत शिकलेला आहे. त्याने आपले गाव लगेच शोधले.

“ह्यो ठिपका वनिताचा?”

“हो.”

“मंग हितं औषध येणार?”

“या नकाशाप्रमाणे, हो. तुमच्या बाजूच्या केंद्रांना.”

“आन् तिकडं?”

“तिकडे ठिपके नाहीत.”

त्याने कोऱ्या भागावर बोट ठेवले. मग म्हणाला, “संक्रांत झाली की आमी परत तिकडंच जाणार. माय जाणार, बहीण जाणार. औषध हितं ठिवायचं आन् आमी तिकडं मरायचं व्हय?”

संक्रांतीपर्यंत औषध त्या शिवाराजवळच्या केंद्रात ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यासाठी आमचा नकाशा बदलायला हवा होता. आणि नकाशा बदलायचा तर टोळीने न सांगितलेली गोष्ट सांगायला हवी होती.

सुभाष म्हणाला, हे एकट्याने ठरवता येणार नाही, टोळीला विचारावे लागेल. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे तिथेच थांबले. मी एका कडेला बसले होते. पहिली काही वाक्ये माझ्यावरच होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझे गाव विचारले, हिंगोली म्हटल्यावर वडिलांचे नाव विचारले, आणि ते कोणत्या शाळेवर शिक्षक होते हे कळल्यावर म्हणाले, “मंग हरकत न्हाई. मास्तरचं लेकरू हाय.” अशी तपासणी कोणत्याही संशोधन पद्धतीच्या पुस्तकात नाही. तिच्याशिवाय मात्र पुढचे बोलणे झाले नसते.

एक जण म्हणाला, मालकाने काम दिले नाही तर काय? दुसरा म्हणाला, “मंग ताईच्या हापिसात जाऊ. तिथं हळद लावू. कुंड्या तर आसतीलच.”

हसणे थांबल्यावर गयाबाई बोलल्या. “मालकाचं नाव न्हाई घ्यायचं. शिवाराचं घ्यायचं. शिवार काही एकल्याचं नसतंय. तेवढ्यावर भागतंय का, माय?”

तेवढ्यावर भागत होते. आमच्या कामात माणसाचे नाव लागतच नाही, जागा लागते. मी तसे सांगितले. सुभाषने अट घातली, की आधी मी मालकाला भेटावे आणि सगळे त्याच्या कानावर घालावे. पाठीमागे काही करायचे नाही.

शेतमालकाकडे जाण्याआधी मी त्या शिवाराजवळचे आरोग्य केंद्र पाहिले. तिथल्या डॉक्टर तरुण आहेत. सर्पदंशाचे औषध दिल्यावर काही रुग्णांना त्याचीच तीव्र प्रतिक्रिया येते, ती सांभाळता यावी लागते. त्याचे प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. औषध मात्र नव्हते.

“मागणी करताना मागच्या वर्षी किती वापरलं ते लिहायचं असतं,” त्या म्हणाल्या. “मी शून्य लिहिते. खोटं कसं लिहू? मग शून्यच मिळतं.”

“रुग्ण येत नाहीत?”

“येतील कशाला? इथं औषध नाही, हे त्यांना माहीत आहे. गाड्या समोरून जाताना दिसतात. आत कोणीतरी झोपलेलं असतं. आपण दारात उभं राहून बघायचं.”

वनिताची गाडी त्यांनी पाहिली होती का, हे मी विचारले. त्यांना आठवत नव्हते. त्या दिवसांत तशा एकाहून जास्त गाड्या गेल्या होत्या.

शेतमालक साठीच्या आसपासचे आहेत. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी आधी ओसरीवरच्या लोकांना कामाला लावले. मग म्हणाले, “मॅडम, मी काही वाईट माणूस न्हाई. गाडी माझीच व्हती. मीच चालवत नेली. पोरीला मागं तिच्या सासूच्या मांडीवर टाकलं व्हतं.”

हे सुभाषनेही सांगितले होते.

“वाटेत केंद्र होतं. तिथे थांबला नाहीत?”

“थांबून काय करावं? तिथं काही न्हाई, हे लहान लेकराला बी म्हाईत हाय. उगं टाइम गेला आस्ता.”

“आणि वावराचं नाव घेऊ नका, असं तुम्ही सांगितलं होतं?”

 “व्हय. सांगितलं. भ्यालो.” मग म्हणाले, “माझी सून बी त्याच पाल्यात हात घालती. तुमी शिवाराचं नाव लिहा. माझं लिहू नका. आन् औषधाचं काय करून राहिले, ते आदुगर सांगा.”

त्यानंतर आमच्या लोकांनी नोंदीतल्या जेवढ्या घरांपर्यंत पोहोचता आले, तेवढ्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारला: चावलं कुठं? सगळ्यांनी उत्तर दिले नाही. काहींचा पत्ता लागला नाही. ज्यांनी दिले, त्यांच्या उत्तरांवरून दुसरा नकाशा झाला. तो पहिल्यासारखा नव्हता. डोंगरकड्याकडचा कोरा भाग भरला. सेनगावच्या बाजूचे सगळे ठिपके गेले नाहीत, पण विरळ झाले. वनिताचा ठिपका हलला.

मुंबईत ज्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे आम्ही दोन्ही नकाशे ठेवले, ते मोजके बोलणारे आहेत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले, “यानं किती जीव वाचतील?”

“सांगता येणार नाही.”

“तुम्ही अर्थशास्त्रज्ञ आहात ना?”

“म्हणूनच सांगता येणार नाही म्हटलं. औषध चुकीच्या जागी आहे, एवढं खात्रीनं सांगता येतं.”

ते हसले नाहीत. दाखल करताना रुग्णाच्या गावाबरोबर घटनेची जागाही विचारावी, हे त्यांनी मान्य केले. हळदीच्या एका हंगामापुरते औषध दुसऱ्या नकाशाप्रमाणे ठेवून पाहू, असेही म्हणाले. तो निर्णय लेखी यायला दिवाळी उलटली. यंदा संक्रांतीच्या आधी औषधाच्या कुप्या त्या केंद्रात पोहोचल्या. डॉक्टरांनी मला कळवले. मी सुभाषला कळवले. टोळी ठरल्याप्रमाणे निघाली. शेतमालकांनी पाला गोळा करायला लांब दांड्याची दाताळी आणून ठेवली होती. बायांनी दोन दिवस ती वापरली. मग काम मागे पडते म्हणून बाजूला ठेवली आणि पुन्हा हात घातले.

होळीपर्यंत काढणी संपली. त्या शिवारात किंवा आसपास कोणालाही साप चावला नाही. कुप्या न फोडता तशाच राहिल्या.

उन्हाळ्यात सूचना निघाली, की ज्या केंद्रांत वापर शून्य आहे तिथल्या कुप्या वापर असलेल्या केंद्रांकडे वळवाव्यात. सूचना सरसकट सगळ्या औषधांसाठी होती. ती काढणाऱ्यांनी काही चुकीचे केले, असे नाही. पडून असलेले औषध मुदत संपून फेकावे लागते, आणि तसे होऊ नये म्हणूनच असे नियम असतात. असे नियम सुचवणाऱ्या अहवालांवर इतरांबरोबर माझीही सही आहे. ज्या अहवालात ती आहे त्यातला तर्क आजही बरोबर वाटतो. सर्पदंशाला तो लागू पडत नाही.

सुभाषला हे माझ्याआधी कळले. त्याचा फोन आला.

“ताई, औषध परत घेऊन जाऊन राहिले म्हणं.”

“ऐकलं. वापर झाला नाही म्हणून.”

“मंग काय करावं? टोळीत नंबर लावू का? यंदा कुणी चावून घ्यायचं, पुढच्या साली कुणी?”

अधिकाऱ्यांना लिहिते, असे मी म्हटले. तो म्हणाला, “मायला इचारतो. ती म्हणंल, आधी माझं लिही.”

मी त्या अधिकाऱ्यांना दोन पानांचे टिपण पाठवले. आग लागली नाही म्हणून आपण अग्निशमनाची गाडी विकत नाही, असे त्यात एक वाक्य होते. बाकी सगळे हिशेबाचे होते. उत्तर आले नाही. मी मुंबईला गेले. पहिल्या वेळी भेट झाली नाही. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, की गाडीचे वाक्य बरे आहे, पण त्यावर सही करता येत नाही. किमान साठा किती आणि कोणत्या महिन्यांत, ते सांगा. मी सांगितले. हळदीच्या पट्ट्यातल्या केंद्रांत काढणीच्या महिन्यांत किमान साठा ठेवावा, आदल्या वर्षी वापर झालेला असो वा नसो, असा आदेश पावसाळा संपताना निघाला. तो या एका जिल्ह्यापुरता आहे. इतर जिल्ह्यांत टोळ्या कापसावर जातात, उसावर जातात. तिथे नोंद गावाचीच होते आणि मागणी आदल्या वर्षीच्या वापरावरच ठरते. त्याबद्दल माझ्याकडे अजून कोणी काही विचारलेले नाही.

दरम्यान केंद्रातल्या जुन्या कुप्या दुसरीकडे गेल्या होत्या. आदेश निघाला तेव्हा कपाट रिकामे होते.

या कामात असे पुष्कळ वेळा झाले आहे. कागद पोहोचतो, वस्तू पोहोचत नाही. अहवालाच्या शेवटी आम्ही कागदाचाच उल्लेख करतो, कारण त्याचीच प्रत आमच्याकडे असते. एका योजनेत दुरुस्ती झाली म्हणून आमच्या संस्थेत पेढे वाटले गेले होते. ती दुरुस्ती खालपर्यंत कधी गेलीच नाही, हे मला पुढे एका बस स्थानकावर, त्याच योजनेच्या रांगेत उभी राहून परतलेल्या बाईकडून कळले. त्यानंतर मी पेढे घेत नाही.

हा लेख पूर्ण करून पाठवण्याच्या आठवड्यात केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन आला. नव्या कुप्या आल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. मी मुदत विचारली. त्यांनी सांगितली. ते मी लिहून ठेवले, पण लगेच लेखात घातले नाही, कारण ती एकाच बाजूने आलेली माहिती होती.

दोन दिवसांनी सुभाष हंगामाचे बोलायला शेतमालकाकडे गेला होता. परत येताना तो केंद्रावर उतरला. तिथूनच त्याने फोन केला.

“पाहून आलो, ताई. डॉक्टरीणबाईनं कपाट उघडून दावलं.”

“कुप्या आहेत?”

“हायत. म्या हातात घेऊन पाहिल्या.”

“तारीख?”

“बराबर हाय. होळीच्या बी पुढची हाय.”

टोळी संक्रांतीनंतर निघणार आहे. या वेळच्या टोळीत सुभाष, त्याची बहीण आणि गयाबाई आहेत.